टार्गेट पूर्ण झाले, फाटक मात्र निखळले

कर्जतहून कोंडिवड्यामार्गे कोंडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आहेत. त्यांच्या मधूनमधून आता फार्महाऊस उभी राहिली आहेत. फार्महाऊस म्हटले की कुंपण आले, फाटक आले, खिडक्यांना ग्रिल आले, गच्चीवर जायला गोल जिना आला. कर्जत-खालापूर भागातील फॅब्रिकेशनच्या गाळ्यांना त्यामुळे बरे दिवस आले आहेत. वेल्डर, फिटर, रंगारी, हार्डवेअरवाले, भंगारवाले अशा नात्यांनी आपले पुष्कळ बांधव या धंद्यात आहेत. काम नाही ही तक्रार आता फारशी ऐकू येत नाही. ऐकू येते ती दुसरीच तक्रार. माणसे काम करतात की नाही ते कळत नाही, पगार कोणाचा वाढवायचा आणि कोणाचा नाही हे ठरवता येत नाही, आणि वाढवला तर बाकीचे रुसतात.

आमच्या परिचयाच्या एका गाळामालकांनी यावर आधुनिक इलाज करून पाहिला. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने, पण नावगाव न सांगता, येथे देत आहोत. कारण हा इलाज आज अनेकांच्या मनात घोळतो आहे.

गाळ्यात नऊ माणसे. एक मिस्त्री, तीन वेल्डर, दोन फिटर, तीन हेल्पर. हिशोब दर गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारी सुट्टी. मालकांचा मुलगा मुंबईत व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन परत आला आणि त्याने वडिलांना सांगितले, "अब्बा, आपल्याकडे कोणाला काय साध्य करायचे आहे हेच ठरलेले नाही. आधी ते ठरवू, मग त्यावरून माणूस मोजू." इंग्रजीत याला मॅनेजमेंट बाय ऑब्जेक्टिव्ह्ज म्हणतात, थोडक्यात एमबीओ. मराठीत उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन. वरिष्ठ आणि हाताखालचा माणूस यांनी एकत्र बसून ठराविक मुदतीची उद्दिष्टे ठरवायची, मुदत संपली की किती साध्य झाले ते पाहायचे, अशी ही पद्धत. बाजारात तिला सगळे 'टार्गेट' म्हणतात.

मुलाने भिंतीवर तक्ता लावला. वेल्डरला महिन्याला सातशे चौरस फूट ग्रिल. मिस्त्रीला एकही ऑर्डर उशिरा जाता कामा नये हे उद्दिष्ट. सामान हेल्परांच्या ताब्यात असे, म्हणून त्यांना रॉड आणि ग्राइंडरच्या डिस्कची बचत. तीन महिन्यांनी अ, ब, क अशी श्रेणी आणि श्रेणीप्रमाणे पगारवाढ. एकत्र बसून ठरवायचे होते, पण तशी बैठक झाली नाही. मुलाने आकडे वाचून दाखवले, माणसांनी माना डोलावल्या.

पहिल्या महिन्यात ग्रिल खरोखरच जास्त निघाले. मालक खूश झाले. दुसऱ्या महिन्यात काही गोष्टी दिसू लागल्या, त्या तक्त्यावर कुठेच नव्हत्या.

सरळ पट्ट्यांचे ग्रिल करायला सगळे पुढे. कमानीचे फाटक किंवा गोल जिना आला की ज्याच्या त्याच्या हातात दुसरे काम. कारण फुटांच्या हिशोबात गोल जिना म्हणजे दिवस बुडाला. जिथे पूर्ण सांधा भरायचा तिथे चार टाके मारून, वरून पुटी आणि रेड ऑक्साईड लावून माल रंगाऱ्याकडे. हेल्परांनी डिस्क कुलपात ठेवल्या, त्यामुळे घासाई अर्धवट राहू लागली. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात दमट झालेले रॉड फेकायचे किंवा भट्टीत सुकवायचे सोडून तसेच वापरले गेले. बचत झाली ना! ओलसर रॉडने वेल्डमध्ये बारीक छिद्रे पडतात हे आमच्या वेल्डर वाचकांना सांगायला नको.

आषाढातल्या एका रात्री कोंडाणे रस्त्यावरच्या एका फार्महाऊसचे फाटक बिजागरीतून निखळून आडवे पडले. दहा फुटी फाटक. रखवालदार दोन पावले बाजूला होता म्हणून निभावले. गिऱ्हाईकाने उरलेले बिल अडवले. तक्त्यावर ते फाटक ज्या वेल्डरच्या नावावर होते, त्याला त्या तिमाहीत 'अ' श्रेणी होती.

आणि मिस्त्रीला 'क'. कारण इतरांचे सांधे पुन्हा भरत बसल्यामुळे त्याच्या चार ऑर्डर उशिरा गेल्या होत्या. हा माणूस त्या गाळ्यात बावीस वर्षे होता. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरे आज तालुक्यात स्वतःचे गाळे चालवतात. तक्त्यावर शिकवण्यासाठी रकाना नव्हता, म्हणून त्याने नव्या पोरांना मशीनवर उभे करणेही थांबवले होते. श्रेणी कळल्यावर तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, "शेठ, बावीस वर्षांत तुम्ही मला कधी नंबर दिला नव्हता. आता दिलाय, तर तो घेऊन मी जातो." दुसऱ्या आठवड्यात तो खोपोलीच्या एका कारखान्यात लागला.

आता दोष कोणाचा? मालक म्हणतात मुलाचा. मुलगा म्हणतो माणसांचा. आमचे मत असे की दोष उद्दिष्ट ठरवण्यात नव्हता. ज्या आकड्याने काम आखायचे त्याच आकड्याने माणसाची किंमत ठरवण्यात तो होता. ही चूक त्या मुलाने शोधून काढलेली नाही. मोठमोठ्या कंपन्या सत्तर वर्षे ती करत आल्या आहेत.

या पद्धतीचे नाव पीटर ड्रकर यांच्याशी जोडले जाते. मूळचे व्हिएन्नाचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले. १९५४ साली 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' या पुस्तकात त्यांनी ती मांडली. पण त्यांचा पूर्ण शब्दप्रयोग 'उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन आणि स्वनियंत्रण' असा होता. नक्कल करणाऱ्यांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. ड्रकर यांचे म्हणणे असे की मोजमाप हे ज्याचे काम आहे त्याच्या हातात जावे, म्हणजे तो आपली चूक आपण सुधारील. वरिष्ठाच्या हातातील छडी म्हणून मोजमाप वापरले तर नुकसानच होईल. आणि हे सारे त्यांनी मुख्यतः व्यवस्थापकांसाठी लिहिले होते, वेल्डरच्या हजेरीसाठी नव्हे.

त्याच प्रकरणात ते तीन पाथरवटांची गोष्ट सांगतात. काय करतोस असे विचारल्यावर एक म्हणतो, पोट भरतो. दुसरा म्हणतो, देशातली उत्तम घडाई करतो. तिसरा म्हणतो, प्रार्थनामंदिर बांधतो. आपल्याला वाटते की दुसरा फारच चांगला माणूस. ड्रकर म्हणतात, अडचण दुसऱ्याचीच आहे. स्वतःच्या कामात तो इतका गुंतलेला आहे की इमारतीचे काय होते ते त्याला दिसत नाही. आमच्या गाळ्यातील गोष्ट याच्याही पुढची झाली. तिथे तक्त्याने प्रत्येकाला फक्त आपापला दगड दिला. फाटक कोणाच्याच वाट्याला आले नाही.

पाथरवटांचा विषय निघालाच आहे तर कोंडाण्याच्या लेण्यांचा उल्लेख करायला हवा. राजमाचीच्या पायथ्याशी असलेली ही बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. लाकडी बांधकामाची नक्कल दगडात इतकी बारकाईने उतरवली आहे की सुताराने येऊन पाहावे. चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या हाताला एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत लहानसा लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलुक याने हे केले, असा त्याचा अर्थ लावला जातो. कामावर स्वतःचे नाव, आणि नावाआधी उस्तादाचे. आपल्याकडच्या कारागिरीत शागीर्द आजही असाच ओळखला जातो, अमक्या मिस्त्रीच्या हाताखालचा. ती ओळख सातशे चौरस फुटांत कशी बसवायची?

लेण्यांसमोरच्या खोऱ्यापलीकडे बोरघाटाची रेल्वे आहे. मोजून घेतलेल्या कामाचे काय होते याचा जुना पुरावा तिथे आहे. हा घाट चढवण्याचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. १८६१ साली ४२ हजारांच्या आसपास मजूर त्यावर होते. काम ठेक्याने, ठेक्याखाली पोटठेके. पहिला ठेकेदार फॅव्हिएल. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तक्रारीवरून मजुरांचा मोठा दंगा झाला आणि त्याच साली त्याने काम सोडले. दुसरा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आला आणि काही आठवड्यांत आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने अनुभवी अभियंते नेमून ठेका पुरा केला. बाईचे नाव आपल्या व्यापारी मंडळींनी लक्षात ठेवावे असे आहे. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. उद्दिष्ट साध्य! पण १८६७ साली घाटातला 'म्हाऊ की मल्ली' नावाचा दगडी पूल कोसळला, आणि नंतरच्या तपासणीत त्या रेल्वेवरची आणखीही दगडी बांधकामे हलकी निघाली. दर्शनी दगड नीट, आतला भराव कच्चा. मापाच्या पुस्तकात दोन्हींची लांबी-रुंदी सारखीच भरते. पुटीखाली लपलेले चार टाके आणि हा भराव यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही.

येथे एक आक्षेप येईल. भिवंडी-मालेगावात विणकराची मजुरी मीटरवरच ठरते, मग तिथे धंदा कसा चालतो? चालतो, कारण कापड सगळे एकसारखे असते आणि ताका उलगडला की दोष डोळ्यांसमोर येतो. माल एकसारखा, दोष लगेच दिसणारा आणि काम एकट्याचे, अशा ठिकाणी मोजून मजुरी देणे सोयीचे असते. यातली एक जरी गोष्ट नसली तरी आकडा फसवू लागतो. फाटकाच्या बाबतीत तिन्ही नाहीत. शिवाय उक्ते काम आणि एमबीओ यांत एक फरक आहे. उक्त्या कामात फुटाचा दर ठरतो, माणसावर श्रेणीचा शिक्का बसत नाही. श्रेणी माणसाला लागते.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचा नीट विचार झालेला आहे. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने आपली कामगिरी मूल्यमापनाची पद्धत तपासण्यासाठी अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांना बोलावले. १९७५ सालची ही गोष्ट. त्यांनी सुचवले की झालेल्या कामाचा आढावा, माणसाच्या पुढच्या कुवतीचा अंदाज, त्याच्याशी समजुतीची चर्चा आणि त्याचे प्रशिक्षण या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकाच फॉर्मात त्या कोंबू नयेत. त्यातून कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतात असा विभाग प्रथम तिथेच झाला असे मानले जाते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील संशोधकांनी दहा वर्षे आधी, १९६५ साली, हेच दाखवले होते. पगाराची बोलणी आणि सुधारणेची बोलणी एकाच बैठकीत केली की माणूस सुधारणेचे काही ऐकतच नाही, स्वतःचा बचाव करत राहतो. आपल्या गाळ्यात गुरुवारी हिशोबाच्या वेळी कोणाला चूक दाखवून पाहा. तो चूक ऐकत नसतो, पैसे कापले जाणार का एवढेच ऐकत असतो.

सरकारी टार्गेटची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. आणीबाणीत १९७६-७७ साली कुटुंबनियोजनाचे आकडे शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सर्वांच्या मानेवर ठेवले गेले आणि देशात एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या कशा झाल्या हे आपल्या वाड्या-मोहल्ल्यांतल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आकडे ठरवून देण्याची ही पद्धत केंद्र सरकारने एप्रिल १९९६ मध्ये देशभर मागे घेतली. श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ योजना मारण्याचे टार्गेट दिले. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. २०१६ साली बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला, ५,३०० माणसे कामावरून गेली. ही सगळी माणसे जन्मजात लबाड होती काय?

डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञाचा एक खेळ येथे सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखानदारांना दर्जाचे धडे देणारा हा माणूस. एका पेटीत पांढरे मणी आणि पाचवा हिस्सा लाल मणी. मजुराने पन्नास खळग्यांचे फावडे न बघता बुडवायचे आणि फक्त पांढरे मणी काढायचे. कोणाला पाच लाल येतात, कोणाला पंधरा. मुकादम झालेले डेमिंग पाचवाल्याला शाबासकी देत, पंधरावाल्याला दम भरत. पाहणारे हसत. मग ते विचारत, लाल मणी पेटीत कोणी टाकले?

आपल्या गाळ्यातले लाल मणी कोणते ते मोजून पाहावे. दिवसा दोन-तीन तास वीज जाते. पनवेलहून पाईप सांगितलेल्या दिवशी येत नाही. गिऱ्हाईक माप दोनदा बदलते. मालकाने उधारी वसूल केली नाही म्हणून सामान अडते. ही कारणे वेल्डरच्या तक्त्यावर त्याचा दोष म्हणून चढतात. मालकाचा तक्ता मात्र भिंतीवर कधी लागत नाही.

मग मोजूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. न मोजणाऱ्या गाळ्यात मालकाच्या पुढेपुढे करणाऱ्याचे फावते, आणि मुकाट काम करणारा मागे राहतो. हाही अन्याय आहे आणि तो आपल्याकडे पुष्कळ चालतो, विशेषतः जिथे भाऊबंद कामाला असतात तिथे. उद्दिष्ट हवेच. पण ते कामाचे असावे. 'हे फाटक पंधरा तारखेला उभे राहील आणि वर्षभर तक्रार येणार नाही' हे उद्दिष्ट कापणाऱ्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांचे एकच. त्यावरची बक्षिसी असलीच तर सर्वांत वाटून, आणि तीही एक पावसाळा गेल्यावर. परत आलेल्या कामाची नोंद आधी ठेवावी, फुटांची नंतर. शिकवणाऱ्या मिस्त्रीला शिकवण्याचे पैसे वेगळे द्यावेत, ते कमी असले तरी चालतील, पण वेगळे. पगारवाढीची गोष्ट ईदच्या किंवा वर्षाच्या सुमारास बसून करावी, चुकीची गोष्ट चूक झाली त्या दिवशी, सांध्यापाशी उभे राहून. आणि टार्गेट हुकले म्हणून सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली कोणाला जाता येत नाही, हे तरुण मालकांनी ध्यानात ठेवावे. यावरून खटले होतात.

आमच्या परिचयाच्या त्या गाळ्यात तक्ता आता उतरवला आहे. त्या जागी एक वही टांगली आहे. ज्याने सांधा भरला त्याने फाटकाचा नंबर आणि आपले नाव स्वतः लिहायचे, काम अडले असेल तर कशामुळे अडले तेही. पहिल्या महिन्यात 'माल आला नाही' ही नोंद अकरा वेळा निघाली. मालकांनी ती वाचून पनवेलचा पुरवठादार बदलला. मुलगा अजून म्हणतो की वहीतून श्रेणी काढता येईल. वडील त्याला हात लावू देत नाहीत.

मिस्त्री परत आलेला नाही. मालक दोनदा खोपोलीला जाऊन आले. दुसऱ्या खेपेला त्याने चहा पाजला आणि सुट्टीच्या दिवशी येऊन पोरांना दोन तास शिकवायचे कबूल केले. कोंडाण्याचे फाटक नव्या बिजागऱ्यांवर उभे केले आहे, तेही त्यानेच. बिलातले बारा हजार अजून यायचे आहेत.